दोन दरबारांमधील भाषा : नागपूरकर भोसल्यांची वकिली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी इतिहासातील लढायांवर बोलावे, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. मराठ्यांचा इतिहास म्हटला की घोड्यांच्या टापा आणि तलवारींचा खणखणाट ऐकू यावा, अशी आपल्या कानांना सवयच जडली आहे. मी मात्र आज बोलणार आहे ते बोलण्याविषयीच. ज्या राज्याच्या छायेत हा दुर्ग-रायपूरचा मुलूख शंभर वर्षे होता, त्या नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराने दोन बलाढ्य सत्तांच्या मध्ये उभे राहून कोणती भाषा वापरली, त्या भाषेने काय मिळवले आणि काय गमावले, हा आजचा विषय आहे.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आज 'वकील' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट येतो. अठराव्या शतकात वकील म्हणजे राजदूत. परदरबारी राहावयाचे, धन्याच्या वतीने बोलावयाचे, तेथील बातमी धन्याला लिहावयाची आणि वेळ पडली तर धन्याच्या रागालोभाचे प्रायश्चित्तही आपणच घ्यावयाचे, असा हा व्यवसाय होता. 'राजकारण' ह्या शब्दाचाही अर्थ तेव्हा निराळा होता. जुन्या पत्रांत 'राजकारण' म्हणजे पडद्याआडची बोलणी, 'सलूख' म्हणजे समेट आणि 'जाबसाल' म्हणजे वाटाघाटींतील सवालजबाब. हे तीन शब्द ध्यानी ठेवले म्हणजे पुढचा भाग समजण्यास सोपे जाईल.

आता ह्या राज्याची स्थिती पाहू. १७४१ साली पहिल्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर ह्यांनी बंगालच्या वाटेवर असता रतनपूर घेतले आणि छत्तीसगडावर भोसल्यांची सत्ता बसली. पुढे दहा वर्षे बंगालच्या स्वाऱ्या चालल्या. १७५१ साली बंगालचे नबाब अलीवर्दीखान ह्यांनी तह करून ओरिसाचा मुलूख आणि बंगालच्या चौथाईपोटी दरसाल १२ लाख रुपये भोसल्यांस देण्याचे मान्य केले. ह्याप्रमाणे वऱ्हाडापासून कटकच्या समुद्रापर्यंत एक लांबट राज्य उभे राहिले. नागपूर त्याचे मस्तक, कटक त्याचे पाऊल आणि ह्या दोहोंमध्ये छत्तीसगड. नागपूरहून कटककडे जाणारी वाट आपल्या ह्याच प्रदेशातून जात असे. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले ह्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला. येथील दफ्तरात मराठी भाषा आणि मोडी लिपी आली ती त्यांच्या काळात. दसऱ्याला सोने वाटण्याची चालही त्यांनीच येथे रूढ केली, असे छत्तीसगडचे इतिहासकार सांगतात. तेव्हा ह्या भूमीत मराठी शब्द उच्चारणारे आपण काही पहिले नव्हेत.

अशा लांबट राज्याचे दुखणेही तसेच असते. पश्चिमेस पुण्याचे पेशवे होते. ते नात्याने धनी, आणि वास्तविक पाहता स्पर्धक. पूर्वेस १७६५ साली बंगालची दिवाणी मिळवलेले इंग्रज. ते नात्याने दोस्त, आणि वास्तविक पाहता भुकेले शेजारी. बंगाल आणि मद्रास ह्या त्यांच्या दोन इलाख्यांना जोडणारी किनाऱ्याची वाट भोसल्यांच्या कटक प्रांतातून जात होती. ती वाट त्यांना हवी होती. दक्षिणेस हैदराबादचा निजाम. ह्या तिघांपैकी कोणत्याही एकाशी उघड वैर धरावे, एवढे बळ नागपूरच्या अंगी नव्हते. आणि कोणाही एकाशी पूर्ण एकरूप व्हावे, तर स्वतःचे अस्तित्व उरत नव्हते.

अशी अवस्था जगात एकट्या नागपूरचीच होती असे नव्हे. युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या काठी रगुसा नावाचे एक चिमुकले प्रजासत्ताक होते. आजचे क्रोएशियातील दुब्रोव्निक ते हेच. एका बाजूला तुर्कांचे विशाल साम्राज्य, दुसऱ्या बाजूला व्हेनिसचे आरमार. १४८१ पासून रगुसा तुर्की सुलतानाला दरसाल १२,५०० सोन्याची नाणी खंडणी देई. ती घेऊन दोन वकील दरवर्षी इस्तंबूलला जात आणि पुढचे वकील येईपर्यंत वर्षभर तेथेच राहत. सुलतानापुढे त्यांची भाषा अशी, की आम्ही आपले जुने, गरीब आणि विश्वासू मांडलिक. पोपपुढे आणि स्पेनच्या राजापुढे त्याच प्रजासत्ताकाची भाषा अशी, की तुर्कांच्या दाढेत उभे राहून धर्म राखणारे आम्ही. दोन्ही विधाने खरीच होती. कोणते विधान कोठे करावयाचे, एवढाच प्रश्न होता. १६६७ च्या भूकंपात हे नगर उद्ध्वस्त झाले. पुढच्या दशकाच्या अखेरीस तुर्की वजीर कारा मुस्तफा ह्याने अवाच्या सवा रक्कम मागितली. ती बोलणी करावयास गेलेले वकील निकोलिका बुनिच हे १६७८ साली तुर्कांच्या कैदेत सिलिस्त्रा येथे मरण पावले. गोड बोलण्याचा व्यवसाय किती कडू असतो, हे ह्यावरून दिसून येईल.

रगुसाच्या राजनीतीतील एक गोष्ट विशेष आहे. १६९९ च्या तहाच्या वेळी त्यांनी आपल्या सरहद्दीवरच्या नेउम आणि सुतोरिना ह्या दोन चिंचोळ्या पट्ट्या तुर्कांना देऊ केल्या. हेतू हा, की व्हेनिसची सरहद्द आपल्या सरहद्दीला भिडू नये. जवळच्या शेजाऱ्यापेक्षा दूरचा धनी बरा, हा त्यातला विचार. ती नेउमची पट्टी आजही बोस्निया देशाकडे आहे, आणि तिला वळसा घालणारा समुद्रावरचा पूल क्रोएशियाने २०२२ साली वाहतुकीस खुला केला. वकिलांनी काढलेली रेघ सव्वातीनशे वर्षे टिकली.

रगुसा प्रजासत्ताक होते, नागपूर राजसत्ता होती. तिकडे उमरावांची सभा वकिलांना सूचना देई, इकडे राजा आणि दिवाण देत. हा भेद मोठा आहे. परंतु दोघांचे भांडवल एकच होते, आणि ते म्हणजे शब्द.

मराठी दरबारी पत्राचा शब्द म्हणजे नुसती अलंकारिक शोभा नव्हे. पत्राच्या मायन्यातच लिहिणाराचे आणि घेणाराचे नाते ठरलेले असे. 'सेवेसी' आणि 'विज्ञापना' म्हटले की लिहिणारा धाकटा. 'राजश्री' आणि 'गोसावी' म्हटले की बरोबरीचा आदर. शेवटी 'जाणिजे' आले की वरून खाली आलेला हुकूम, आणि 'हे विनंति' आले की शेजाऱ्याची प्रार्थना. मायन्यातील एक शब्द घसरला, तर तो मानपानाचा आणि कधी कधी लढाईचाही विषय होई. ह्याखेरीज पत्राला तीन मजले असत. मूळ पत्र दरबारात वाचून दाखवावयाचे. त्यात स्नेह, कुशल आणि लोभ. त्यासोबतची 'पुरवणी' खासगीत वाचावयाची. त्यात कामाची गोष्ट. आणि ज्या गोष्टीचा कागद होऊ नये ती वकिलाच्या तोंडून. पत्रात एवढेच की अमुक मुखवचने सांगतील, त्यावरून कळेल. जे कागदावर नाही ते उद्या नाकारता येते. ह्या तिसऱ्या मजल्यावरच पुष्कळसे राजकारण नांदत होते.

आता प्रत्यक्ष प्रसंगांकडे वळू. १७६९ साली माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले ह्यांच्यात कनकापूरचा तह झाला. जानोजींनी पूर्वी निजामाशी आणि राघोबादादांशी संधान बांधले होते, त्याचा हा हिशेब होता. ह्या तहातील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. दिल्ली, हैदराबाद, अयोध्या, इंग्रज ह्यांच्याशी भोसल्यांनी पेशव्यांच्या संमतीवाचून राजकारण करू नये, असे ठरले. मात्र वसुलीच्या कामापुरता वकील ठेवण्यास मोकळीक राहिली. हे कलम लिहिणाराने दार लावले आणि खिडकी उघडी ठेवली. कारण भोसल्यांची वसुलीची बाब होती ती बंगालची चौथाई! दिवाणी हाती आल्यावर इंग्रजांनी ती दिली नव्हती. मग थकबाकीचा तगादा करण्यासाठी भोसल्यांचा वकील इंग्रजांकडे जाणार, राहणार, बोलणार. आणि थकबाकीच्या बोलण्यात अन्य काय काय बोलणे होते, हे पुण्यास कसे कळावे? बाकी वसूल होवो न होवो, तगादा चालू राहणे हेच नागपूरच्या हिताचे होते. येणे रकमेचा उपयोग बोलणे चालू ठेवण्यासाठी करावयाचा, ही युक्ती वरवर साधी दिसते. परंतु पुढील दहा वर्षांच्या राजनीतीचे ते जणू बीजच होते.

ह्या राजनीतीचे सूत्रधार होते दिवाकर पुरुषोत्तम ऊर्फ देवाजीपंत चोरघडे. पेशवाईतील साडेतीन शहाणे आपणांस ठाऊक आहेत. सखारामबापू, देवाजीपंत आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणीस तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे. त्यांतले हे नागपूरचे देवाजीपंत. जानोजींच्या पश्चात भाऊबंदकी होऊन १७७५ साली पाचगावच्या लढाईत साबाजी पडले आणि मुधोजी भोसले हे अल्पवयीन दुसऱ्या रघूजींच्या नावे कारभार पाहू लागले. कलकत्त्यास त्यांचे वकील होते बेनीराम पंडित.

१७७८ साली पुणेकर आणि इंग्रज ह्यांचे युद्ध पेटले असता गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज ह्यांनी नागपुरास एक मोहक प्रस्ताव पाठवला. साताऱ्याचे छत्रपती रामराजे १७७७ च्या अखेरीस निवर्तले होते. मुधोजी भोसले कुळातले. तेव्हा त्यांनी साताऱ्याच्या गादीवर हक्क सांगावा, इंग्रज पाठीशी राहतील, असा त्याचा आशय. हा निरोप घेऊन अलेक्झांडर इलियट नावाचा तरुण अधिकारी कटकमार्गे निघाला. ऐन पावसाळ्यात हा प्रदेश ओलांडताना त्याला ताप आला आणि सप्टेंबर १७७८ मध्ये सारंगढजवळ तो मरण पावला. २०२२ पासून सारंगढ-बिलाईगढ जिल्ह्यात मोडणाऱ्या त्या भागात त्याची कबर आहे. हिंदुस्थानच्या राजकारणाची एक मोठी खेळी छत्तीसगडच्या एका पावसाळ्यात अडून राहिली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

प्रस्ताव मात्र मेला नाही. मध्य हिंदुस्थानातून पश्चिमेकडे चाललेल्या कर्नल गोडार्डवर ती बोलणी सोपवण्यात आली. त्याची फौज होशंगाबादेजवळ नर्मदाकाठी मुधोजींच्या उत्तराची वाट पाहत थांबली. मुधोजींनी काय केले? होकार दिला नाही, नकारही दिला नाही. छत्रपतींच्या गादीचा लोभ धरावा, तर सारे मराठे सरदार उलटणार. नाकारावा, तर दारी उभी असलेली इंग्रजी फौज वैरी होणार. त्यांनी स्नेह दाखवला, फौजेस उपद्रव दिला नाही, आणि निर्णय पुढे ढकलला. अखेरीस जानेवारी १७७९ मध्ये गोडार्ड कंटाळून पुढे निघून गेला. त्याच महिन्यात वडगावास मुंबईकर इंग्रजांचा मोड झाला, आणि साताऱ्याचे प्रकरण थंडावले. थांबणे हेही एक उत्तर असते, हे नागपूरने येथे दाखवून दिले.

ह्यानंतर आला तो खरा कसोटीचा प्रसंग. नाना फडणीसांनी इंग्रजांविरुद्ध चौघांची एकजूट बांधली: पेशवे, निजाम, हैदर आणि भोसले. प्रत्येकाला वाटून दिलेले काम होते. भोसल्यांच्या वाट्याला बंगाल आला. नाही म्हणावे तर पुण्याचा आणि हैदराबादचा रोष. हो म्हणून खरोखर बंगालवर जावे तर कटक पणास लागणार. देवाजीपंतांनी ह्यावर शोधलेला तोडगा मराठी मुत्सद्देगिरीतला एक विलक्षण नमुना आहे. फौज निघाली. १७७९ च्या दसऱ्याच्या सुमारास मुधोजींचे पुत्र चिमणाजी (खंडोजी) भोसले सुमारे ३० हजार स्वारांनिशी नागपुरातून बाहेर पडले. पुण्याला लिहिण्याजोगी गोष्ट झाली. परंतु ही फौज चालली ती इतक्या सावकाश, की कटकास पोहोचेपर्यंत १७८० चा मे महिना उजाडला. पुढे पावसाळा, स्वारी तहकूब. हीही पुण्याला लिहिण्याजोगीच गोष्ट. वाट डोंगराळ, दाणावैरण दुर्मीळ, नद्यांना पूर. ह्यांतले एकही कारण खोटे नव्हते. ज्याने छत्तीसगडचा पावसाळा पाहिला आहे तो ह्या कारणांना हसणार नाही. खोटे न सांगता खरे तेवढेच वेचून सांगावयाचे, हे ह्या वकिलीचे पहिले तत्त्व.

दुसऱ्या बाजूला कलकत्त्यास निराळीच भाषा चालू होती. ही फौज पुण्याच्या भिडेखातर निघाली आहे. आपणांशी आमचा स्नेह अभंग आहे. परंतु फौज मोठी, पगार थकलेला, शिपाई भुकेला. तेव्हा काय करावे हे आपणच सांगावे! धमकी आणि विनंती ह्यांचे हे मिश्रण असे होते, की ऐकणाराने हवे ते ऐकावे. चौघांच्या कटाची बातमीही कलकत्त्यास नागपूरच्याच वाटेने पोहोचली, असे इतिहासकार मानतात.

इकडे जुलै १७८० मध्ये हैदर कर्नाटकात उतरला. सप्टेंबरात त्याने कर्नल बेलीची फौज बुडवली. मद्रासच्या मदतीस कर्नल पिअर्सची पलटणे बंगालहून खुष्कीने पाठवणे भाग होते, आणि खुष्कीची वाट कटक प्रांतातून होती. नागपूरच्या शब्दाला इतका भाव पूर्वी कधी आला नव्हता आणि पुढेही कधी आला नाही. कटकचे सुभेदार राजाराम पंडित बोलणी करण्यास कलकत्त्यास गेले. एप्रिल १७८१ मध्ये करार झाला आणि भोसल्यांच्या फौजेला १३ लाख रुपये मिळाले. येथे एक बारकावा आहे. इंग्रजांनी ती रक्कम चौथाई म्हणून दिली नाही. फौजेच्या खर्चास मदत, असे तिचे रूप होते. चौथाई म्हटले असते तर हक्क कबूल केल्यासारखे झाले असते. आणि १३ लाख म्हणजे एका सालच्या ठरलेल्या चौथाईहून थोडी अधिक रक्कम. तेव्हा नागपूरने तिला मनात काय म्हटले असेल, ते सांगावयास नको. रक्कम एक, नावे दोन. त्यामुळे दोघांचाही मान राहिला. पिअर्सची फौज निर्वेध दक्षिणेस गेली. बंगालवर स्वारी झाली नाही, कटक भोसल्यांकडेच राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काशीस राजा चेतसिंगाचे प्रकरण उद्भवून हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. तेव्हा बेनीराम पंडित आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित त्याच्याबरोबर गेले आणि अडचणीच्या वेळी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. हेस्टिंग्जने हा उपकार स्वतःच लिहून ठेवला आहे. येथे आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दीर्घकाळ परदरबारी राहिलेला वकील अखेरीस कोणाचा असतो? आपल्या धन्याच्या दोस्तीची ती पराकाष्ठा होती, की वकिलाच्या मनात धनीच बदलला होता? मला वाटते, दोन्हींमधली रेषा त्यालाही नेमकी सांगता आली नसती. स्नेहाची भाषा वर्षानुवर्षे बोलणाराला ती कधी खरीही वाटू लागते. देवाजीपंत चोरघडे ह्याच १७८१ साली वारले, आणि नागपूरच्या राजकारणातला तोलणारा हात गेला.

आता न्याय करण्याची वेळ आली. ह्या राजनीतीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की भोसल्यांनी त्या वेळी बंगालवर घाव घातला असता तर हिंदुस्थानचा इतिहास वेगळा झाला असता. १३ लाखांसाठी त्यांनी मराठी राज्याचा घात केला. दुसरे मत असे, की छोट्या सत्तेने जगण्यासाठी जे करावे तेच त्यांनी केले. पहिले मत मांडणारांनी लक्षात घेतले पाहिजे, की चौघांच्या एकजुटीतून माघार घेणारे भोसले एकटे नव्हते. मद्रासकरांनी घेतलेला गुंटूर प्रांत परत करण्याचे कलकत्त्याने ठरवताच निजामही थंडावला होता. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात पुण्यानेही आपला स्वतंत्र समेट करून हैदराला एकटे सोडलेच. शिवाय पुण्याने कनकापुरास ज्याला बांधून ठेवले, त्याने पुण्यासाठी सर्वस्व पणास लावावे ही अपेक्षा किती रास्त?

परंतु दुसरे मतही मला पुरते पटत नाही. ह्या भाषेने एक पिढी विकत घेतली. १७८१ पासून १८०३ पर्यंत बावीस वर्षे कटक राहिले. १७९९ साली संस्कृतचे प्रसिद्ध पंडित कोलब्रुक हे इंग्रजांचे वकील म्हणून नागपुरास आले. तैनाती फौजेचा तह पदरात पडावा म्हणून त्यांनी दोन वर्षे खटपट केली, आणि दुसऱ्या रघूजींनी त्यांनाही मोकळ्या हाताने परत पाठवले. जुनी विद्या अजून चालत होती. पण किंमत निराळ्या ठिकाणी मोजली गेली. १८०३ साली जेव्हा शिंदे आणि भोसले खरोखर एकत्र उभे राहिले, तेव्हा होळकर बाहेर राहिले आणि पेशवे इंग्रजांच्या छत्राखाली गेलेले होते. वीस वर्षे प्रत्येकाने प्रत्येकाची गोड पत्रे वाचली होती. त्यामुळे खरे संकट आले तेव्हा खऱ्या पत्रावरही कोणाचा विश्वास बसेना. असई, आडगाव, गाविलगड ह्या पराभवांनंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई, आणि तिसरे रघूजी १८५३ साली निपुत्रिक वारल्यावर राज्यच खालसा.

रगुसाचेही असेच झाले. तुर्क आणि व्हेनिस दोघेही असेतो ते जगले. पुढे नेपोलियनने व्हेनिस मोडले, १८०६ साली त्याची फौज रगुसात शिरली आणि १८०८ साली ते प्रजासत्ताक बरखास्त झाले. दोन गिऱ्हाइके असतात तोवरच शब्दाला भाव असतो. बाजारात एकच गिऱ्हाईक उरले की मग तो सांगेल ती किंमत. मध्ये उभे राहणाऱ्याचे सामर्थ्य त्याच्या स्वतःत थोडे आणि दोन्ही बाजूंच्या भांडणात अधिक असते. हे सत्य त्या शहाण्या लोकांना कळत नव्हते असे नाही. पण वेळ विकत घेतल्यानंतर त्या वेळेचे काय करावयाचे, ह्याचे उत्तर नागपूरच्या दरबाराकडे नव्हते. फौज सुधारली नाही, वसूल सुधारला नाही, भाऊबंदांतला विश्वास तर नाहीच नाही. मला नागपूरच्या वकिलीचा दोष दिसतो तो येथे. ती दोन्हीकडे बोलली हा दोष नव्हे. बोलून मिळालेली सवलत वाया गेली, हा दोष होय.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ह्या सर्व पत्रांत एक आवाज कोठेच नाही. चौथाईच्या बारा लाखांचा तगादा ज्या मुलखावर होता, त्या बंगालच्या खेड्यांनी मराठी स्वारांना 'बर्गी' म्हणून अंगाईगीतांत लक्षात ठेवले. आपल्या शेजारी राहणाऱ्या बंगाली आजीबाईंना विचारा. त्यांना ते गाणे येत असेल. ३० हजार स्वार सात महिने सावकाश चालले, तेव्हा त्यांची दाणावैरण छत्तीसगड आणि ओरिसाच्या शेतकऱ्यांच्या घरातूनच गेली असणार. मुत्सद्द्यांना जो विलंब सोयीचा होता, तो रयतेला महाग पडला. पूर्वजांचे कौतुक करताना हा हिशेब मांडण्याचे धैर्य आपल्याला असले पाहिजे. विशेषतः ज्या शेजाऱ्यांच्या पूर्वजांनी तो चुकता केला, त्यांच्यातच आपण राहतो म्हणून.

मंडळी, ही कथा येथे भिलाईत सांगण्याचे आणखी एक कारण आहे. ज्या कारखान्यामुळे आपली कुटुंबे ह्या गावी आली, तो कारखाना हेही दोन गटांच्या मधून काढलेल्या वाटेचेच फळ आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईचा करार सोव्हिएत संघाशी झाला. त्याच काळात राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहत होते. कारखाने तीन, आरंभीची क्षमता प्रत्येकी दहा लाख टनांची, आणि मदत करणारे देश परस्परविरोधी गटांतले. पुढे १९६३ साली अमेरिकेकडून बोकारोची मदत मिळेनाशी झाली, तेव्हा सोव्हिएत संघ पुढे आला. दोन सत्तांची स्पर्धा हेच मधल्याचे भांडवल, हा देवाजीपंतांचा जुना धडा येथेही दिसतो. परंतु दोन मोठे फरक आहेत. पहिला असा, की हे करार उघड होते. एकाची मदत दुसऱ्यापासून लपवून ठेवलेली नव्हती. पुरवणी आणि मुखवचने ह्यांच्यावर त्यांचा पाया नव्हता. दुसरा असा, की मिळालेल्या सवलतीचे येथे पोलाद झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरच्या दरबाराला जे साधले नाही, ते ह्या माळरानावर साधले.

आपण परप्रांतात राहणारी माणसेही लहान प्रमाणात वकिलीच करीत असतो. घरी मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि हिंदी, कारखान्यात देशभरच्या भाषा. गावाकडच्या नातलगांना येथले समजावून सांगावयाचे आणि येथल्यांना तिकडचे. ह्यात दोन्हीकडे गोड बोलणे अवघड नाही. दोन्हीकडे एकच बोलणे अवघड आहे. जुन्या वकिलांकडून आपण अदब घ्यावी, मायन्यातला मान घ्यावा, शब्द तोलून वापरण्याची सवय घ्यावी. त्यांची पुरवणी मात्र त्यांच्याच दफ्तरात राहू द्यावी.

पन्नास वर्षे हे मंडळ गणेशोत्सवापासून ग्रंथालयापर्यंत जे करीत आले, ते ह्या भूमीत राहून आणि ह्या भूमीचे होऊन. बिंबाजींच्या दफ्तरात मराठी सत्तेची भाषा म्हणून आली होती. तुमच्या ओठांवर ती शेजाराची भाषा म्हणून नांदते आहे. ह्या दुसऱ्या नांदण्याला अधिक आयुष्य असो, अशी सदिच्छा व्यक्त करतो.